हारातली जनी

दुबईत कुणालाही विचारा, जनीबाई कशा आहेत, तर माणसं आवाज खाली आणून सांगतील की बिचारी गेली. लेस्टरला विचारा, तिथेही गेली. टोरांटोत तर तिच्या शेवटच्या श्वासाची गोष्ट मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर छापली आहे. लोक ती वाचतात, डोळे पुसतात आणि कोळंबीचं कालवण मागवतात. एवढ्या ठिकाणी मेलेली ही बाई आमच्या बदलापुरात, हेंद्रेपाड्यात, माझ्या समोरच्या ओटीवर रोज सकाळी वाल सोलत बसते. पूर्वी मी घरातूनच हाक द्यायचो, "काय जनीबाय, आहेस का?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "हाय अजून. तुला काय घाई?" हल्ली मी तसं विचारत नाही. का विचारत नाही, ते सांगतो. मला गल्लीत चोंबडा म्हणतात, म्हणू देत. चोंबडेपणा केला नसता तर यातलं निम्मं कुणाला कळलंच नसतं.

जनी आगऱ्यांची. बाप उरणकडच्या मिठागरात राबणारा, घरात चुलीवर कायम काहीतरी खारं. लग्न होऊन आली ती हरिचंद्राकडे. हरिचंद्र अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होता आणि स्वभावाने इतका गरीब, की त्याच्या डब्यावर दोस्तांनी डल्ला मारला तरी रिकामा डबा धुऊन घरी आणायचा आणि बायकोला सांगायचा, आज कालवण फक्कड झालं होतं. जेवण फक्कड आणि नवरा तर वाळत चाललेला. जनीला आधी वाटलं पोटात जंत असतील. मग संशय आला की बाहेर कुणी बाई असेल. (हा संशय तिच्या डोक्यात मी घातला होता, असं ती म्हणते. मला आठवत नाही.) एक दिवस ती दुपारच्या सुट्टीला थेट कारखान्याच्या गेटावर जाऊन उभी राहिली. पाहते तर काय, पाच-सहा दांडगे तिच्या चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडतायत आणि हरिचंद्र बाजूला बसून भाकरी मिठाबरोबर खातोय.

बाई चिडली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. तिने पदर खोचला आणि सांगितलं की उद्यापासून मी पातेलं घेऊन येते, पण माझ्या नवऱ्याचा डबा सोडा. त्या पातेल्याची पुढे खानावळ झाली. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनाजवळच्या गल्लीत, पत्र्याखाली चार बाकडी. पाटीवर नुसतं 'जनी खानावळ'. हरिचंद्र नोकरी सोडून गल्ल्यावर बसला, आणि गल्ल्यावर बसूनही लोकांना म्हणायचा, राहू दे, पुढच्या वेळी दे.

तिथे एक दिवस उल्हासनगरचा कमलेश आला, आपल्या म्हाताऱ्या बापाला धरून. कमलेशचं कॅम्पात कापडाचं दुकान. बाप सिंधमधून आलेला आणि आल्यापासून एकच तक्रार करणारा, की इथल्या माशांना चव नाही, आमच्या सिंधूतला पल्लो तुम्ही खाल्लाच नाहीत. जनीने त्याच्यापुढे पाला मासा, म्हणजे त्याचा तोच पल्लो, तळून ठेवला. म्हातारा खात राहिला आणि गप्प राहिला. कमलेश सांगतो, बाप बोलायचा थांबला असं त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून तो जनीला 'अदी' म्हणायला लागला. सिंधीत अदी म्हणजे थोरली बहीण. वयाने तो थोरला, पण ताटावर बसल्यावर वय कोण बघतं?

मग हरिचंद्र गेला. जसा जगला तसाच गेला, कुणाला त्रास न देता, दुपारच्या झोपेत. खानावळ बंद झाली. कमलेशने सुचवलं, अदी, तू घरी बस, मी एक आचारी आणतो, गिऱ्हाईक तुटेल. जनीने नकार दिला. घरातलं माणूस गेलंय, चुलीला मासळी शिवायची नाही. त्यांच्या घरची रीतच तशी. दहाव्याच्या दिवशी हरेशने, म्हणजे तिच्या एकुलत्या एक मुलाने, उल्हास नदीवर डोकं भादरलं, पिंड ठेवला, आणि ओल्या धोतराने घरी आला. जनीने तवा चढवला. लोखंडी, काळाकुट्ट, सासूच्या वेळचा. त्यावर बोंबील टाकले आणि पहिला बोंबील हरेशच्या ताटात वाढला. मुलगा नदीवरून आला की त्यांचं सुतक फिटतं, आणि सुतक फिटलं की घरातून मासळीचा वास सुटतो. तो वास आला की आख्ख्या गल्लीला कळतं, या घराने पुन्हा जगायला घेतलं. मला आठवतं, आमच्या दारातली मांजरंसुद्धा त्या संध्याकाळी उठून तिच्या ओटीवर गेली.

ही रीत लक्षात ठेवा. पुढे तीच उपयोगी पडायची आहे. उपयोगी म्हणजे, तशी कुणाच्याच नाही.

हरेश बापावर गेला नाही. पोरगं तरतरीत, बोलण्यात गोड, आणि बोलता बोलता समोरच्याचं घड्याळ काढून घेईल आणि समोरचाच त्याला थँक्यू म्हणेल अशातलं. कमलेशच्या भागीत त्याने उल्हासनगरला दुसरी खानावळ काढली, मग कल्याणला, मग वाशीला. खानावळ म्हणणं बंद झालं, 'जनीज्' झालं. जनी प्रत्येक ठिकाणी जाऊन बायांना शिकवायची, उन्हाळ्यात मसाला मात्र तिच्याच अंगणात कुटला जायचा, आणि त्या दिवसांत आख्खा हेंद्रेपाडा शिंकायचा. मग कमलेशच्या भाच्याने दुबईत जागा बघितली. हरेश आणि त्याची बायको भाविका तिकडे गेले. भाविका कल्याणची, जरा नाकात बोलते, पण वाईट नाही हो. वाईट कुणीच नाही यात, हीच तर पंचाईत आहे.

दुबईच्या उद्घाटनाला जनी जाणार होती. पासपोर्ट आला. गल्लीत एकही माणूस उरला नाही ज्याला तिने तो दाखवला नाही. तिला वर्षानुवर्षं मासळी आणून देणारी इंदुबाई तो फोटो बघून म्हणाली, "पाकीट मारताना धरल्यावानी दिसतंय तुजा तोंड." नवं लुगडं आलं, हिरवं, जरीकाठी. मसाल्याचा डबा कापडात शिवून ठेवला. आणि जायच्या वेळेस हरेशचा फोन आला की व्हिसाची काहीतरी अडचण आहे, पुढच्या महिन्यात ये. पुढच्या महिन्यात पुढचा महिना. लुगडं घडीत राहिलं.

मग मागच्या गल्लीतल्या सुजितचा मेसेज आला. पोरगा दुबईत एसी दुरुस्तीच्या कामाला गेलेला, पहिल्या पगारात 'जनीज्'मध्ये जेवायला गेला. तिथून त्याने मला फोटो पाठवला. भिंतीवर भली मोठी फ्रेम, त्यात जनीचा तरुणपणचा काळा-पांढरा फोटो, फोटोला चंदनी हार, खाली समई. आणि सुजितने लिहिलेलं, "काका, जनी आजी ऑफ झाली? मला कोणी बोललं पण नाही यार."

मी तो फोटो जनीला दाखवायला नको होता, असं माझी बायको म्हणते. पण बातमी पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही, आणि शिवाय ती समोर जिवंत बसली होती, मला वाटलं हसेल. तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "हार बरा हाय. खोटा हाय, पन बरा हाय." आणि मला हरेशला फोन लावायला सांगितला. स्पीकरवर. मी तिथेच होतो, जाणार कुठे?

हरेशने सगळं खरं सांगितलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. झालं होतं असं की, सजावट करणारा परका. दाराला लावायचे चंदनी हार, त्यातला एक उरला. म्हातारीचा काळा-पांढरा फोटो, त्याला फ्रेम, त्याने आपला घातला. हरेश पाहुण्यांच्या गर्दीत. तेवढ्यात तिकडचा एक बडा माणूस फोटोपुढे थांबला, हात जोडले, आणि हरेशला म्हणाला की माझीही आई नुकतीच गेली. आता अशा माणसाला तोंडावर कसं सांगायचं? हरेशने मान हलवली. एवढंच. तो माणूस त्याच्या गळ्यात पडून रडला आणि पुढच्या सगळ्या शाखा त्याच्याच भरवशावर निघणार होत्या. मग कुणीतरी गोष्ट लिहिली, मरणाऱ्या आईने पोराच्या कानात मसाला सांगितला वगैरे. आता जिवंत आई तिथे आणून उभी करायची, तर तो गळ्यात पडलेला माणूस काय म्हणेल?

एकदा मान हलवली आणि बाई गेली. आमच्याकडे मरायला याहून जास्त त्रास पडतो.

शेवटी हरेश म्हणाला, "आई, मनाला लावून घेऊ नको गं. मरणाची खोटी बातमी पसरली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात ना?"

"वाढलं," जनी म्हणाली. "पन ते वाढलेलं ठेवू कुठं?"

मग ती सावकाश बोलली, पोराला लहानपणी हिशोब समजावताना बोलायची तशी. "हरेश, दोनातलं एक कर. ये आनि तो हार काढ. नायतं ये आनि नदीवर जाऊन माजं दहावं कर. मना अशी मधीच नको ठेवू."

तो हसला. तू पण ना आई, असं काहीतरी म्हणाला, दिवाळीत येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इंदुबाई टोपली घेऊन दारात आली. मांदेली होती, ताजी, सोन्यासारखी. जनीने उठून बघितलंसुद्धा नाही.

"आज नको. आमचे घरान सुतक हाय."

इंदुबाईने टोपली खाली ठेवली. "अगो बाय, कोन गेलं?"

"मी."

इंदुबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पण जनी हसेना. तवा धुऊन, तेल लावून, फळीवर पालथा घातलेला होता. चुलीवर वाल. इंदुबाईचं हसू ओसरलं तेव्हा ती म्हणाली की ही थट्टा बरी नव्हे, जित्या माणसाने असं करू नये, अशुभ असतं. जनीने विचारलं, अजून अशुभ काय व्हायचं राहिलंय? इंदुबाईने टोपली उचलून पुन्हा डोक्यावर घेतली.

दिवाळी आली, हरेश आला नाही. लेस्टर निघालं होतं. पुढच्या दिवाळीला टोरांटो. त्या दोन्ही उन्हाळ्यांत जनीच्या अंगणात मसाला कुटला गेला नाही, सुतकात कुटत नाहीत म्हणून. मला वाटलं आता धंदा अडेल, मग पोरगा धावत येईल. कशाचं काय. मसाला वाशीच्या बाजूला एका कारखान्यात मशीनवर व्हायला लागला होता, आणि खाणाऱ्यांना फरक कळत नव्हता. मी स्वतः अंबरनाथला जाऊन खाऊन आलो. खरं सांगू? मलाही कळला नाही. हे मी जनीला सांगितलेलं नाही. मी न सांगितलेली ही एकमेव गोष्ट असावी.

मग अंबरनाथची जुनी खानावळ पाडून नवी काचेची केली. 'मूळ शाखा'. तिथला मॅनेजर सनी, चांगला पोरगा, घाम पुसत जनीकडे आला. "आजी, ऊपर से ऑर्डर आली आहे. सगळ्या शाखा सेम पाहिजेत. फोटो, हार, समई. मी नाय लावला तर माझी वाट लागेल."

"लाव रे," जनी म्हणाली. "मना काय टोचतोय तो? उद्घाटनाला कोन येनार?"

"हरेश सर येतायत ना."

यानंतर बाईचं जे झालं ते बघवत नव्हतं, इतकं ते आनंदाचं होतं. फळीवरचा तवा खाली आला. चिंच लावून घासला, पुसला, तेल चोपडलं, पुन्हा पुसला. पासपोर्टाच्या वेळचं हिरवं लुगडं पेटीतून निघालं. इंदुबाईला निरोप गेला की त्या दिवशी संध्याकाळी बोंबील आण, बघून आण, हरेश येणार आहे. इंदुबाईने विचारलं, हार काढणार की दहावं करणार? जनी म्हणाली, मना दोन्ही चालंल. हे ती थट्टेने म्हणाली नव्हती.

न्यायला कमलेश गाडी घेऊन आला. तोही आता थकलेला, आपला वाटा त्याने केव्हाच त्या बड्या पाहुण्याला विकून टाकलेला. मीही मागे बसलो, मला कुणी बोलावलं नव्हतं. अंबरनाथ जवळ आलं तेव्हा कमलेशने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "अदी, मेरे हाथ में अब कुछ नहीं है. समझना." जनीने त्याच्या खांद्यावर थोपटलं. तिचं लक्ष बाहेर होतं.

आत शिरल्यावर समोरच ती. भिंतभर फोटो, हार, समई. सनीने जनीसाठी खुर्ची नेमकी त्या फोटोखालीच ठेवली होती. बिचाऱ्याला दुसरी रिकामी जागा दिसली नसेल. वर तरुण जनी, खाली म्हातारी जनी. हरेश आला, सूट घातलेला, केस थोडे विरळ. शेजारी दुबईचा तो बडा पाहुणा. हरेशने आईकडे बघितलं आणि जागीच थांबला. त्याला बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं ती येणार म्हणून.

तिथे ठाण्याची एक जिज्ञासा नावाची मुलगी आली होती, मोबाइलवर खाण्याचे व्हिडिओ काढणारी. चुणचुणीत. तिने वर बघितलं, खाली बघितलं, आणि मोबाइल धरूनच विचारलं, "सर, या कोण? सेम टू सेम दिसतात."

हरेशने पाहुण्याकडे बघितलं. मग आईकडे. जनी त्याच्याकडे बघत होती आणि मी देवाशपथ सांगतो, ती त्याला मदत करत होती. लहान मूल पहिलं पाऊल टाकताना आई बघते ना, तसं.

"ही माझी मावशी," हरेश म्हणाला. "आईची धाकटी बहीण."

निदान वय तरी कमी केलं पोराने. हे मला तेव्हाच सुचलं होतं, पण कमलेशने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तोंडातून निघालं नाही.

जिज्ञासा गुडघ्यांवर बसली जनीपुढे. "मावशी, तुम्हाला ताईंची आठवण येते?"

जनीने मान मागे टाकून फोटोकडे बघितलं. मला वाटलं आता फुटेल, आता सगळ्यांसमोर पोराचं थोबाड रंगवेल. गल्लीत तिने याहून कमी गोष्टींसाठी रंगवलेली आहेत.

"येते ना," ती म्हणाली. "लय येते."

"कशा होत्या त्या?"

"हसरी होती. मासली बरी करायची." मग म्हणाली, "पोरावर लय जीव."

बड्या पाहुण्याने रुमाल काढला. जिज्ञासाचेही डोळे भरले. तिने सुरमईची ताटली जनीच्या हातात द्यायला पुढे केली. जनीने हात मागे घेतला.

"नको बाय. आमचे घरान सुतक हाय."

"अजून?"

"पोरगा नदीवर नाय गेला अजून."

जिज्ञासाला काही कळलं नाही. हरेशला कळलं. तो पाहुण्याला काहीतरी दाखवायला आतल्या खोलीत घेऊन गेला.

संध्याकाळी तो घरी आला, हे खरं. गाडी चालू ठेवून आला, विमान होतं. ओटीवर वाकून पाया पडला. आत चुलीवर तेल लावलेला तवा होता, तो त्याला दारातूनही दिसला असणार. म्हणाला, आई, रागावू नको, पुढच्या वेळी नक्की काहीतरी करू.

"आई नको म्हनू," जनी म्हणाली. "कोनी ऐकंल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. पण पाण्याने हार निघत नाही. तो गेला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी तिकडून इंदुबाई येताना दिसली, डोक्यावर टोपली, त्यात बघून आणलेले बोंबील. तिने रस्ता बघितला, ओटी बघितली, आणि आल्या वाटेने परत गेली.

जनीने तवा पुसला आणि फळीवर पालथा घातला.

आता सिंगापूरला निघतंय म्हणे. जनीला परवा डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने सगळं तपासून सांगितलं की आजी ठणठणीत आहेत, बीपी नॉर्मल, साखर नॉर्मल, पुष्कळ जगतील. डॉक्टरांना ती बातमी आनंदाची वाटली. रिक्षात जनी एवढंच म्हणाली, "हरेश बोलला ते खरं झालं." आणि वाल घ्यायला रिक्षा थांबवली.

इंदुबाई हल्ली टोपली घेऊन गल्लीच्या पलीकडच्या कडेने जाते आणि आमच्या दारांपाशी आल्यावर हाळी देत नाही. जनीच्या ओटीवरची मांजरं कधीच उठून माझ्याकडे आली. माझ्या घरी मासळी असते. बायको ती मागच्या दाराने घेते आणि खिडक्या लावून तळते, पण वासाला काय खिडक्या? तो रस्ता ओलांडून जातोच. अशा वेळी समोर जनी वाल सोलायची थांबते, जरा नाक वर करते, आणि पुन्हा सोलायला लागते.